गोळ्या कॉलेजच्या, दवाखाना गावातला: एमडीआर टीबीच्या नव्या उपचारातलं एक प्रकरण

एका तालुक्यात क्षयरोग कार्यक्रमासोबत काम करताना एमडीआर टीबीचं, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचं, हे प्रकरण जवळून पाहता आलं. रुग्णाची, डॉक्टरांची आणि गावाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रसंगांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातला हा तालुका ऊसतोड मजुरांचा. दसरा झाला की घरंच्या घरं कुलपं लावून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्ह्याला मेडिकल कॉलेज आहे. पण खोकला लागला की माणूस आधी पायरी चढतो ती गावातल्या किंवा बाजारपेठेतल्या खासगी दवाखान्याची. तिथले बहुतेक डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस. वीस-वीस वर्षं एकाच जागी बसलेले, घरातल्या तीन पिढ्यांना नावानं ओळखणारे.

रुग्ण ३१ वर्षांचा. तो आणि त्याची बायको मिळून एक कोयता, म्हणजे मुकादमाच्या हिशेबातली एक जोडी. येत्या हंगामाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्यानं पावसाळ्यातच घेतली होती. खोकला उन्हाळ्यापासूनचा. गावातल्या डॉक्टरांनी आधी सिरप आणि अँटिबायोटिक दिलं, फरक पडेना म्हणून तालुक्याच्या फिजिशियनकडे पाठवलं. तिथे एक्स-रे पाहून टीबीच्या नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही मेडिकलमधून विकत घेऊन. दोन महिन्यांनी वजन वाढायच्या ऐवजी घटलं, तेव्हा बेडका ट्रूनॅट या यंत्रावरच्या तपासणीला गेला आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी असल्याचं निघालं. मेडिकल कॉलेजच्या केंद्रात तो पोचला तेव्हा वजन ४१ किलो होतं.

आषाढीच्या सुमारास, २०२५ मध्ये, त्याला बीपाल्म हा नवा उपचार सुरू झाला. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही त्यातली चार औषधं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली. पूर्वी एमडीआर टीबीचा उपचार वीस महिन्यांपर्यंत लांबायचा. हा सव्वीस आठवड्यांत होतो, तोही पूर्ण तोंडानं घ्यायच्या गोळ्यांवर. ज्यांनी जुन्या इंजेक्शनांनी ऐकू येणं गेलेले रुग्ण पाहिले आहेत, त्यांना हा बदल किती मोठा आहे हे सांगावं लागत नाही.

गोळ्यांच्या जोडीला बरंच काही रुग्णाच्या हक्काचं असतं. टीबीच्या रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद 'निक्षय'वर होते; त्याच नावाची निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. त्यातले पहिले ३,००० रुपये निदानाच्या वेळी आगाऊ आणि पुढचे ३,००० उपचाराचे ८४ दिवस पूर्ण झाल्यावर बँकेत जमा व्हायचे असतात. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) १८.५ पेक्षा कमी असेल तर पहिले दोन महिने जास्त उष्मांकाचा पूरक आहार मिळतो. कुणी निक्षय मित्र, म्हणजे रुग्णाला मदत करणारा दाता, झाला असेल तर कोरड्या शिध्याची टोपली मिळते. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या मोफत होतात. औषधरोधी टीबीचा उपचार पूर्ण करून घेणाऱ्या सोबत्याला ५,००० रुपये मानधन असतं. आमचा रुग्ण यातल्या जवळपास सगळ्याला पात्र होता. त्याच्या गावातल्या डॉक्टरांना मात्र यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि ते कळवायचं काम कुणाच्या यादीतच नव्हतं.

अडचण

दहाव्या आठवड्यात, पितृपक्षात, आशाताई घरी गेल्या. गोळ्यांचा डबा उघडून पाहिला तर तारखेच्या मानानं गोळ्या जास्त उरलेल्या. त्यांनी विचारलं तेव्हा रुग्ण म्हणाला, "पायाची लई आग व्हायली. डॉक्टरसाहेब म्हणले, भारी गोळ्या आहेत, पाय बरे होईस्तोवर बंद ठेव."

डॉक्टरसाहेब म्हणजे गावातले. त्यांनी केलेलं सगळं त्यांच्या परीनं बरोबर होतं. पायाची आग म्हणजे नसांचा त्रास, म्हणून रात्रीची अमिट्रिप्टिलिन आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं. मळमळीसाठी ऑनडान्सेट्रॉनचं इंजेक्शन दिलं. एरवी कुठल्याही दवाखान्यात हेच झालं असतं. फक्त या रुग्णाच्या पोटात बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन जात होतं. ही दोन्ही औषधं हृदयाच्या ईसीजीतलं क्यूटी अंतर वाढवतात; ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. अमिट्रिप्टिलिन आणि ऑनडान्सेट्रॉनही तेच करतात. शिवाय लिनेझोलिडसोबत अमिट्रिप्टिलिन दिली तर शरीरात सेरोटोनिन धोकादायक प्रमाणात वाढू शकतं. पायाची आग मुळात लिनेझोलिडमुळेच होती. त्यावरचा उपाय डोसचा विचार करणं हा होता आणि तो कॉलेजच्या केंद्रातच व्हायला हवा होता.

डॉक्टरांकडे रुग्णाची कुठली माहिती होती हे आम्ही नंतर पाहिलं. त्याच्या फाईलवर कॉलेजचा शिक्का होता, तारखा होत्या, 'बीपाल्म' असं एका ओळीत लिहिलेलं होतं. औषधांची नावं नव्हती, त्रास झाला तर कुणाला विचारायचं तेही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मला वाटलं हे कंपनीचं नाव असेल."

दुसरी अडचण पैशांची. पहिले ३,००० रुपये अजून खात्यात आलेच नव्हते. त्याचं जुनं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे रक्कम अडकून पडली होती. गावात याचा अर्थ सरळ निघाला: सरकारी योजना म्हणजे कागद. डॉक्टरांचाही तोच समज होता. दसरा तोंडावर आलेला आणि मुकादमाचे फोन सुरू झालेले, अशात घरच्यांना औषधापेक्षा उचल जास्त जवळची वाटत होती.

कोणते पर्याय होते

रुग्णापुरता निर्णय लगेच झाला. त्याला दुसऱ्याच दिवशी कॉलेजला नेलं, अमिट्रिप्टिलिन बंद झाली, ईसीजी आणि हिमोग्लोबिन झालं. नऊ आठवडे पूर्ण डोस होऊन गेला असल्यानं तिथल्या डॉक्टरांनी लिनेझोलिडचा डोस कमी केला आणि बाकी औषधं पुन्हा सुरू केली. खंड आठवड्याच्या आतला होता. ते दिवस शेवटी भरून काढायचं ठरलं.

खरा प्रश्न पुढचा होता. तालुक्यात हा उपचार घेणारे आणखी रुग्ण येणार, आणि प्रत्येकाचा एक गावातला डॉक्टर असणार. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं?

पहिला पर्याय पत्राचा. टीबीच्या रुग्णाची नोंद कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि २०१८ च्या राजपत्रातल्या अधिसूचनेनं ती न कळवणाऱ्यावर कारवाईची तरतूद केली. आमच्यातल्या काहींचं मत पडलं की सगळ्या दवाखान्यांना कडक भाषेत पत्र काढावं आणि सोबत नव्या औषधांची माहिती जोडावी. एका दिवसात काम झालं असतं. पण या डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. रुग्णाला पुढे पाठवणारे तेच होते. त्यांच्या हातात नोटिशीसारखा कागद पडला असता तर पुढचा खोकल्याचा रुग्ण आमच्याकडे पाठवताना त्यांनी दोनदा विचार केला असता. हा पर्याय सोडला.

दुसरा पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणी हॉटेलात सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम, घेण्याचा. तज्ज्ञ बोलावायचे, स्लाइड दाखवायच्या, जेवण. यात वावगं काही नाही, एमडी डॉक्टरांसाठी ते उपयोगी पडतं. पण अशा कार्यक्रमाचं निमंत्रण आयएमएच्या (अॅलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेच्या) यादीवरून जातं, आणि गावात पायाच्या आगीवर गोळी लिहिणारा डॉक्टर त्या यादीत नसतो. संध्याकाळची ओपीडी बुडवून चाळीस किलोमीटर येणं त्याला परवडतही नाही.

तिसरा पर्याय दवाखान्यात जाऊन भेटण्याचा, औषध कंपन्यांचे एमआर भेटतात तसा. वेळखाऊ. आमच्याकडे माणसं कमी, तालुक्याचा उपचार पर्यवेक्षक एकच आणि त्याच्याकडे आधीच सगळ्या भेटी.

चौथा पर्याय मेडिकल दुकानांचा. टीबीची औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, त्यामुळे ती विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. कोणत्या दवाखान्यातून टीबीच्या चिठ्ठ्या येतात हे दुकानदारांइतकं कुणालाच माहीत नसतं.

आम्ही तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र केला. दुकानांच्या रजिस्टरवरून ज्या दवाखान्यांत टीबीचे रुग्ण खरोखर जातात ते आधी निवडले आणि तिथेच जायचं ठरवलं. सगळ्या तालुक्याला एकदा पत्रक वाटण्यापेक्षा थोड्या दवाखान्यांत पुन्हा पुन्हा जाणं बरं, हा यामागचा विचार. माझ्या मते या प्रकरणातला हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता.

काय केलं

सुरुवात त्याच डॉक्टरांपासून केली. सोबत योजनांचं पत्रक नेलं नाही, त्यांच्याच रुग्णाचे रिपोर्ट नेले. रुग्णाची संमती आधी घेतली होती. दुपारी दीडची वेळ, शेवटचा रुग्ण गेल्यानंतरची. त्यांनी ईसीजी दोनदा पाहिला. मग विचारलं, "म्हणजे मी दिलेल्या गोळीनं त्याला झटका आला असता?" आम्ही सांगितलं की धोका होता, पण सुदैवानं क्यूटी मर्यादेत आहे, आणि ही माहिती तुमच्यापर्यंत पोचवणं आमचं काम होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे विचारलं त्यावरून पुढचं सगळं ठरलं: "तो आता माझ्याकडे येईल का परत?"

हा प्रश्न पुढे जवळपास प्रत्येक दवाखान्यात निघाला. कुणी उघड विचारला, कुणी आडून. सरकारी यंत्रणेकडे रुग्ण पाठवला की तो गेला, असा खासगी डॉक्टरांचा अनुभव असतो. तो जातो, त्याचं काय झालं ते कळत नाही, आणि गावात बोललं जातं की या डॉक्टरला जमलं नाही. या भीतीला उत्तर दिल्याशिवाय योजनांची नावं कितीही सांगितली तरी ती डोक्यात राहत नाहीत.

त्या वेळी आमच्याकडे छापायला एक मसुदा तयार होता: वर बोधचिन्ह, खाली योजनांची नावं, रकमा, पात्रता. तो दोन-तीन दवाखान्यांत दाखवून पाहिला. डॉक्टरांनी वरवर पाहिला आणि इतर कंपन्यांच्या कागदांच्या गठ्ठ्यात ठेवला. तो रद्द केला. नवं कार्ड टेबलाच्या काचेखाली बसेल एवढंच केलं. पुढच्या बाजूला चार औषधांची नावं, प्रत्येकाचा ओळखू येईल असा एक त्रास (लिनेझोलिड: पायाची आग, फिकटपणा, नजर धूसर होणं) आणि 'विचारल्याशिवाय देऊ नका' ही यादी. त्यात ऑनडान्सेट्रॉन, डॉम्पेरिडॉन, अझिथ्रोमायसिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रॅमाडॉल आणि स्यूडोएफेड्रिन किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची सिरपं. ही यादी कॉलेजच्या डॉक्टरांनी तपासून दिली. आम्ही स्वतःच्या मनानं एकही नाव घातलं नाही. तळाशी ठळक एकच ओळ: 'गोळ्या बंद करण्याआधी फोन करा.' खाली पर्यवेक्षकाचा नंबर आणि निक्षय संपर्कचा १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक.

मागच्या बाजूला रुग्णाला काय मिळतं ते, पण डॉक्टरच्या तोंडी येईल अशा भाषेत. 'डीबीटीद्वारे पोषण साहाय्य' असं न लिहिता 'रुग्णाला विचारा: ३,००० रुपये जमा झाले का? झाले नसतील तर या नंबरवर कळवा.'

नोंदणी कळवल्याबद्दल आणि उपचाराचा निकाल कळवल्याबद्दल खासगी डॉक्टरांना प्रत्येकी ५०० रुपये मिळतात. ते कुठे लिहायचं यावर आमच्यात बराच वाद झाला. ठळक लिहिलं तर डॉक्टर पुढे येतील, असं काहींना वाटत होतं. शेवटी ते कार्डावर घातलंच नाही, भेटीच्या अखेरीस तोंडी सांगायचं ठरलं. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की पैशाची गोष्ट आधी काढली की समोरच्याला आपली किंमत केल्यासारखं वाटतं. ते पटलं.

डॉक्टरांना पटलेली गोष्ट वेगळीच निघाली: पोषणाचा आणि जगण्याचा थेट संबंध. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४१ किलोच्या माणसाला हे म्हणजे जेमतेम दोन किलो. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की डॉक्टर सरसावून बसत. वजनकाटा प्रत्येक दवाखान्यात असतोच, आणि तिथे दर भेटीला वजन करून फाईलवर लिहिणं हे काम डॉक्टरांना आपलं वाटलं.

याच दरम्यान पैशांचा गुंता सोडवणं भाग होतं. ज्या गावात पहिला हप्ताच आला नाही तिथे योजना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. पोस्टमननं घरी येऊन अंगठ्याच्या ठशावर पोस्ट पेमेंट्स बँकेचं नवं खातं उघडून दिलं, ते आधारला जोडलं, निक्षयवर बदललं. घट बसायच्या आसपास पहिली रक्कम जमा झाली. रुग्णानं तो मेसेज सगळ्यात आधी गावातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवला.

पुढे काय झालं

दसऱ्याच्या आधी सगळ्यात अवघड निर्णय आला. रुग्णानं ऊसतोडीला जावं की नाही? आमची इच्छा होती की त्यानं घरीच राहावं. पण उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडणार नव्हता आणि बायको एकटी कोयता होऊ शकत नव्हती. 'जाऊ नको' म्हटलं असतं तर तो न सांगता गेला असता आणि त्याच्यासोबत औषधंही गेली नसती. बेडक्याचे कल्चर रिपोर्ट (जंतू वाढतात का याची तपासणी) निगेटिव्ह आले होते. कॉलेजच्या डॉक्टरांनी जड काम न करण्याच्या अटीवर होकार दिला. मुकादमाशी गावातले डॉक्टर स्वतः बोलले, आजाराचं नाव न घेता. आम्ही बोललो असतो तर त्यानं कदाचित ऐकलं नसतं. रुग्णाच्या जागी तोडीला धाकटा भाऊ गेला आणि रुग्ण कोपीवर (तोडणी मजुरांच्या झोपडीवर) थांबून बैल आणि स्वयंपाक पाहायचा, असं ठरलं.

निक्षयवर त्याची नोंद कारखान्याच्या जिल्ह्यात वर्ग केली, महिन्याच्या गोळ्या सोबत दिल्या आणि त्याच्या पिशवीत तेच कार्ड घातलं. नोव्हेंबरमध्ये थंडी-खोकल्यानं तो कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरांनी सिरप लिहायला घेतलं, कार्ड पाहिलं आणि आमच्या पर्यवेक्षकाला फोन लावला. या डॉक्टरांना आम्ही कधी भेटलो नव्हतो. ते पुढे रुग्णाचं वजन आणि ईसीजीची तारीख स्वतःहून कळवत राहिले.

जानेवारीच्या मध्यावर उपचार पूर्ण झाला. वजन ४९ किलो. पायाची आग बरीच कमी झाली, पण पूर्ण गेलेली नाही. पोषणाची दुसरी रक्कम ८४ दिवसांनंतर यायला हवी होती, ती बरीच उशिरा आली. ज्या महिन्यात तिची खरी गरज होती तो कोपीवरचा महिना तसाच गेला.

दवाखान्यांचं म्हणाल तर चित्र संमिश्र आहे. काही डॉक्टर आता गोळी लिहिण्याआधी फोन करतात. काहींनी कार्ड घेतलं, काचेखाली ठेवलं आणि नंतर कधी संपर्क केला नाही. फोन करणाऱ्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली: त्यांच्या रुग्णाचं पुढे काय झालं हे आम्ही त्यांना परत कळवलं होतं. यासाठी व्हॉट्सअॅप ग्रुप काढायचा मोह टाळला, कारण गावात टीबीचं नाव पसरायला एक फॉरवर्ड पुरतो. प्रत्येक डॉक्टरला त्याच्या रुग्णापुरता वेगळा फोन केला. यात वेळ जातो. अजून तरी दुसरा मार्ग दिसलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

उपचार सुरू होतो त्याच दिवशी, कॉलेजच्या केंद्रातच, 'तुमचा नेहमीचा डॉक्टर कोण?' हे विचारून लिहून घ्यायला हवं. नाव आणि नंबर, दोन्ही. त्याच संध्याकाळी त्या डॉक्टरला एक फोन गेला असता तर अमिट्रिप्टिलिनची चिठ्ठी लिहिलीच गेली नसती. आता आमच्या तालुक्यातल्या रुग्णांच्या फाईलवर हा रकाना आम्ही हातानं आखतो. छापील नमुन्यात तो अजून नाही.

स्थलांतराची तयारी दसऱ्याच्या पंधरवड्यात करणं फार उशिराचं होतं. उचल पावसाळ्यात घेतली जाते, तेव्हाच रुग्ण कुठल्या कारखान्याला जाणार हे कळतं. पोळ्यापर्यंत समोरच्या जिल्ह्यातलं केंद्र, ईसीजीची सोय आणि जवळचा खासगी दवाखाना शोधून ठेवता येतो.

बँक खातं निदानाच्या आठवड्यातच तपासलं पाहिजे. रक्कम अडकल्याचं दहाव्या आठवड्यात कळणं म्हणजे अशक्त माणसाचे सगळ्यात कळीचे दोन महिने हातचे घालवणं.

घरच्यांकडे सगळ्यांचंच लक्ष कमी पडलं. दोन मुलं आजीकडे राहिली होती. त्यांची तपासणी रुग्ण कारखान्याला गेल्यानंतर झाली, ती निदानानंतर लगेच व्हायला हवी होती. कार्डाच्या मागच्या बाजूला आता 'घरातली मुलं तपासली का?' ही ओळ घातली आहे, कारण मुलाला ताप आला की आजी त्याला नेते ते गावातल्याच डॉक्टरकडे.

मेडिकल दुकानात काउंटरवर मालक नसतो तेव्हा मुलगा असतो, आणि खोकल्याचं सिरप चिठ्ठीशिवाय तोच देतो. त्याच्याशी बोलणं राहून गेलं आहे. तालुक्यातली बरीच कुटुंबं बेळगाव भागातल्या कारखान्यांना जातात, तिथल्या दवाखान्यांसाठी कार्ड कन्नडमध्ये लागेल. त्याचा मसुदा कॉलेजकडे तपासायला दिला आहे. पोळ्याच्या आत छापून आला तर यंदाच्या हंगामात रुग्णांच्या पिशवीत घालता येईल.